नॅनोसेल्युलोज फिल्म: द्राक्ष सोडा, हळद धरा

प्रश्न तासगावचा आहे. उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यापासून, नॅनोसेल्युलोजची (वनस्पतींच्या धाग्यातल्या सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणा-तंतूंची) फिल्म केली, काचेवरून सोडवताना ती तडकायची म्हणून लवचिकपणासाठी ग्लिसरॉल वाढवलं, आता छान लवते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात घरच्या द्राक्षांच्या पॅकिंगसाठी ती दाखवता येईल का?

फिल्म स्वतःच्या हातानं केलीत याचा मनापासून आनंद झाला. पण द्राक्ष सोडा. तोडल्यावरही द्राक्ष श्वास घेत असतं, आणि या फिल्मचा मोठा गुण म्हणजे कोरडी असेपर्यंत ती ऑक्सिजनला जवळजवळ शिरकावच देत नाही. घड आत गुदमरेल. वर घडातून निघणारी वाफ फिल्म पिऊन घेईल आणि दोन दिवसांत सादळेल.

हे सादळणं मी अनुभवलंय. माझी पहिली फिल्म फेब्रुवारीतली. टाचणी पडावी तसा आवाज करायची, उजेडाला धरली तर पलीकडचं वाचता यायचं. जुलैत तीच कपाटातून काढली तर उघड्यावर राहिलेल्या पापडासारखी लोळागोळा. सेल्युलोजला पाण्याची ओढच तशी आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली की धागे फुगतात, त्यांच्यात फट पडते आणि ऑक्सिजन अडवण्याचा गुण झपाट्यानं उतरतो. ग्लिसरॉलही पाणी ओढतं, म्हणजे तुम्ही आगीत तेल ओतलंत.

मुळात तडकत का होती? तुम्ही ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लाची पद्धत वापरली असणार. तिच्यात हाती येतात ते आखूड स्फटिक, नुसत्या कण्यांसारखे. त्यांची फिल्म ठिसूळच होते. लांब तंतू हवे असतील तर यंत्रानं धागा सुटा करावा लागतो. टोकियो विद्यापीठात इसोगाई आणि साइतो यांनी २००६ च्या सुमारास टेम्पो ऑक्सिडेशननं (टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाच्या रासायनिक प्रक्रियेनं) हे काम खूप सोपं केलं: धाग्याच्या पृष्ठभागावर ऋणभार येतो, तंतू एकमेकांना ढकलतात आणि कमी ऊर्जेत सुटे होतात. हे तंतू एकमेकांत गुंततात, म्हणून फिल्म ग्लिसरॉलशिवायही बरीच चिवट राहते. मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजवर बरंच काम झालंय; मार्गदर्शकांमार्फत तिथे जरूर विचारा.

आता वस्तू कुठली निवडायची? माझं मत हळद पावडर. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत हवा खेळत नव्हती. पेव उघडल्यावर माणूस लगेच उतरायचा नाही. आणि २००५ च्या पुरानं त्याच पेवांची वाट लावली. हवा अडवायची आणि पाण्यापासून जपायचं, तुमच्या फिल्मचंही गणित हेच आहे. म्हणून तंतूंच्या थरावर दोन्ही बाजूंनी मेणाचा पातळ हात द्या. मधमाशीचं मेण चालेल, तेही कुजतं.

आणखी एक. बगॅस पांढरंशुभ्र करायच्या मागे लागू नका. थोडं लिग्निन (धाग्यांना जोडून ठेवणारा तपकिरी घटक) राहिलं तर फिल्म तपकिरी होते, पण अतिनील किरण अडवते, आणि हळदीचा रंग उजेडानंच उडतो. पांढरेपणासाठी क्लोराइट हे विरंजक रसायन घालून आपण तो फायदा धुऊन टाकतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

चाचणीला महागडं यंत्र नको. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. वर जाळीवर मेण लावलेल्या आणि न लावलेल्या फिल्मच्या हळद भरलेल्या पुड्या ठेवून रोज वजन करा. हळदीचा रंग उडतो का ते पाहायला तशाच दोन पुड्या खिडकीत ठेवा. मात्र कुंडीत पुरून ‘जैवविघटनशील’ असं लिहू नका. त्यासाठी आयएस १७०८८ या भारतीय मानकाची कंपोस्ट चाचणी असते.

बगॅस कारखान्यातून ताजं, पट्ट्यावरचंच आणा. ढिगातलं आंबलेलं असतं, त्यातले तंतू आधीच खराब झालेले असतात. आणि गाळप बंद व्हायच्या आत आणा.