पुलाला सरासरी गुण देऊ नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

शहरातल्या पुलांची नोंदप्रणाली उभारायचं काम तुझ्याकडे आलंय. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, हा वाद तूर्त बाजूला ठेव. केंद्राने 2016 मध्ये सुरू केलेल्या पूल व्यवस्थापन प्रणालीत प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक आहे. तू ते आणखी खाली उतरव: गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग), खांब, बेअरिंग (खांब आणि गाळा यांच्यामधली उशी), प्रत्येकाला क्रमांक, आणि तो खांबावर रंगाने लिहिलेला. नाहीतर एकाचा ‘तिसरा खांब’ शहराकडून, दुसऱ्याचा पलीकडून. दोन वर्षांच्या नोंदी मग जुळतच नाहीत.

सुस्थितीचे गुणही भागाला द्यायचे, अख्ख्या पुलाला नाही. नऊ भाग ठणठणीत आणि एक बेअरिंग फाटलेलं, तर सरासरी छान दिसते. पूल मात्र त्या एका बेअरिंगवर अडलेला असतो. संभाजीनगरात जालना रोडचे उड्डाणपूल आणि खाम नदीवरचे जुने दगडी पूल एकाच नमुन्यात बसवू नकोस. कमानीला बेअरिंग नसतं. तिथे दरजांतला चुना आणि पिंपळाची मुळं बघायची.

सर्वांत दुर्लक्षित नोंद डांबराची. रस्ता नवा करताना पुलावरही थर चढतो, जुना कुणी खरवडत नाही. 20 मीटरचा गाळा, 7.5 मीटर रुंदी, 50 मिलिमीटर थर: घनमीटरला 2.3 टन धरले तर सतरा टनांवर कायमचं ओझं. तीन वेळा झालं की पन्नासच्या वर. शिवाय पाणी जायचे पाइप थराखाली बुजतात, एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे गाळ्याला हलायला ठेवलेली फट, तोही झाकला जातो. तापमानातल्या तीस अंशांच्या फरकाने हाच गाळा सात मिलिमीटर हलतो. जागा मिळाली नाही की डांबर फुटतं आणि तिथून पाणी थेट बेअरिंगवर. म्हणून थराची जाडी कठड्याच्या उंचीवरून दरवर्षी मोजून लिही.

आपल्याकडच्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, ते पथ्यावर पडतं. मे महिन्यात पात्रात उतरून पायाभोवतीची माती किती खरवडली ते माप. पावसाळ्यानंतर पुन्हा, त्याच खुणेपासून. बंधाऱ्याचं पाणी उभं असेल तिथे पाणबुड्या लागेल.

आणि पाइपांच्या सफाईला अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना माग. ‘किरकोळ दुरुस्ती’त घातलीस, तर ते पैसे खड्डे बुजवण्यात जातील.

कळावे.