वर्ग ऐकत नाही तेव्हा: नव्या शिक्षिकेला पत्र

प्रिय,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण हा काही दोन ओळीत उत्तर द्यायचा विषय नाहीये म्हणून आज निवांत बसून लिहितेय. वर्ग ऐकतच नाही, मागचे चार-पाच जण सारखं काहीतरी चालू ठेवतात, बाकीचे नुसते बघत बसतात आणि तास संपला की तुला रडू येतं, असं तू लिहिलंयस. रडू येतं त्याची लाज नको वाटून घेऊस. पहिलं वर्ष मलाही असंच गेलं, रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा.

तू दोन प्रश्न विचारलेस, मुलांना शिकावंसं कसं वाटेल आणि दंगा कसा थांबवू. इतकी वर्षं शिकवून माझं पक्कं मत झालंय की हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीतून येतं. ज्याला समोरचं जमत नाहीये तो मुलगा चारचौघांत 'मला येत नाही' असं कधीच म्हणणार नाही, त्यापेक्षा तो दंगा करेल, कारण दंगेखोर म्हणवून घेणं त्याला ढ म्हणवून घेण्यापेक्षा परवडतं.

माझ्याकडे सातवीत एक मुलगा होता, मी फळ्याकडे वळले रे वळले की याची कंपासपेटी धाडकन खाली. रोज. ओरडून झालं, बाहेर उभं करून झालं, डायरीत शेरे लिहून झाले, ढिम्म फरक नाही. मग कधीतरी लक्षात आलं की भूमितीच्या तासाला पेटी पडत नाही, आकडेमोड असली की पडते. त्या दिवशी सगळ्यांना उदाहरण सोडवायला दिलं आणि त्याच्या बाकाशेजारी खाली बसून वही बघितली, तर 402 मधून 178 वजा करताना हा मधल्या शून्यापाशी अडकलेला, हातचा कुठून घ्यायचा तेच कळेना, आणि खोडून खोडून तिथला कागद फाटलेला. सातवीतला मुलगा! इतक्या वर्षांत कुणी त्याची वही जवळून बघितलीच नव्हती, मी पण नाही. मी काही बोलले नाही, शेजारी पेन्सिलीने लिहिलं की 402 म्हणजे 40 दशक आणि 2 सुटे, एक दशक मोडलं की 39 दशक आणि 12 सुटे, आता कर. त्याने केलं, 224 लिहिलं आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, अजून एक देता? पेटी लगेच काही थांबली नाही, पुढे दोनेक आठवडे पडतच होती, पण रोज जाता जाता त्याच्या वहीत एक असं उदाहरण टाकायचे जे त्याला थोडं ताणून का होईना पण जमेल, आणि मग कधी पडायची बंद झाली ते कळलंही नाही.

म्हणून आधी त्या चार-पाच जणांच्या वह्या बघ, आणि कुठल्या क्षणी दंगा सुरू होतो तेही आठवडाभर लिहून ठेव. वाचायला सांगितलं की होतो, का लिहायला, का तू एक काम संपवून दुसरं शोधत असतेस त्या मधल्या दोन मिनिटांत? ही मधली मिनिटं फार महत्त्वाची आहेत. जेकब कौनिन नावाच्या संशोधकाने शेकडो तासांचं निरीक्षण केलं आणि 1970 मध्ये मांडलं की दंगा झाल्यावर शिक्षक कसे रागावतात यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यात फरक सांगताच येत नाही, फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी, म्हणजे तास न अडखळता पुढे सरकतोय का आणि आपलं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतंय का. मला हे वाचून केवढं हायसं वाटलं होतं, कारण मी आपली कडक आवाज कमवायच्या मागे लागले होते. आता तू काय कर, मुलं यायच्या आधीच फळ्यावर पहिलं छोटं काम लिहून ठेव, दारात उभी राहून नावाने हाक मारून आत घे, आणि शिकवताना टेबलाला चिकटून राहू नकोस, फिरत राहा. कुणी बोलत असेल तर शिकवणं चालूच ठेवून त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. नाहीच पुरलं तर वाकून हळू आवाजात एक वाक्य बोल आणि लगेच पुढे जा, तिथे उभी राहून त्याच्याकडून 'सॉरी' वदवून घेऊ नकोस. सगळ्या वर्गासमोर झापलंस तर त्यालाही सगळ्यांसमोर उत्तर द्यावंच लागतं, तो मागे हटू शकत नाही. आणि दोघांसाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा कधीच नको. मी केलीये ती चूक, जी शांत मुलं माझ्या बाजूने होती ती एका दिवसात गेली आणि परत यायला वर्ष लागलं.

जे नुसते बघत बसतात त्यांच्याबद्दल. प्रश्न विचारल्यावर तू किती वेळ थांबतेस ते एकदा मोज. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात शिक्षकांच्या तासांच्या टेप ऐकून हेच मोजलं, तर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबत होते, आणि तोच वेळ 3 सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. 3 सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण शांत वर्गासमोर उभं राहिलं की ते युगासारखे वाटतात, मनातल्या मनात आकडे मोजत थांब.

स्टिकर आणि बक्षिसांचं विचारलंयस. अगदी वर्ज्य करू नकोस, पण त्यावर गाडी ढकलू नकोस. 1973 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, चित्रं काढायला मुळात आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना अचानक मिळालं त्यांचा रस तसाच राहिला. त्यापेक्षा त्यांना थोडी निवड दे, या पाचातली कुठलीही तीन सोडवा, एवढी साधी निवड सुद्धा चालते. आणि 'हुशार आहेस' म्हणण्यापेक्षा नेमकं काय जमलं ते सांग, 'काल तू हातचा विसरत होतास, आज आठवणीने घेतलास', बस्स. त्याला कळतं की आपली वही खरंच कुणीतरी वाचतंय.

तुझा एखादा तास वाईट जाणार, तू नको तेवढी ओरडशील. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी सरळ सांग की काल मी जास्त ओरडले, ते चुकलं. मुलं याचा गैरफायदा घेतील असं तुला स्टाफरूममध्ये नक्की कुणीतरी सांगेल, माझा अनुभव तसा नाहीये. पण एखादं मूल मारामारीपर्यंत जातंय किंवा अचानक अगदीच मिटून गेलंय असं दिसलं तर ते एकटीने अंगावर घेऊ नकोस, मुख्याध्यापकांशी आणि समुपदेशक असतील तर त्यांच्याशी त्याच दिवशी बोल.

सोमवारी सगळा वर्ग बदलायला जाऊ नकोस. त्या चौघा-पाचांपैकी एकच निवड, त्याची वही घरी आण आणि शेवटचं बरोबर आलेलं उदाहरण कुठलं ते शोध. सापडलं की मला फोन कर, पुढचं उदाहरण कुठलं द्यायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
ताई