वाचकांचे प्रश्न : डॅनियल बूनचे दप्तर

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना केंटकीतील बून्सबरोचा नव्याने उभारलेला किल्ला पाहिला. तेथे माहिती देणाऱ्या गृहस्थांनी जाता जाता सांगितले, की ज्याने डोंगरातून वाट पाडून हा मुलूख वसवला, त्या डॅनियल बूनला म्हातारपणी केंटकीत हक्काची जमीनच उरली नव्हती. मी भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षे मोजणीचे काम केले. पहिला वहिवाटदार असा भूमिहीन कसा होतो, हे मला कळेना. याचे कागद कोठे आहेत काय?
— निवृत्त भूकरमापक, सातारा

उत्तर : कागद आहेत, आणि आपण ज्या खात्यात नोकरी केली त्यामुळे ते आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजतील. बूनची गोष्ट शिकारीची आणि लढायांची म्हणून सांगितली जाते. परंतु त्याच्या आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे पाहिली, तर ती दाखले, मोजण्या, दावे, साक्षी आणि अर्ज यांनीच भरलेली आहेत.

बूनने १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून वाट पाडली ती रिचर्ड हेंडरसन यांच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीसाठी. त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या प्रमुखांकडून सुमारे दोन कोटी एकर प्रदेश खरेदी केल्याचा करार केला होता. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. पुढे १७७८ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ती खरेदी रद्दबातल ठरवली आणि कंपनीच्या शब्दावर विसंबून आलेल्या सर्वांचे हक्क एका दिवसात अधांतरी झाले. त्यानंतर १७७९ चा जमीन कायदा आला. १ जानेवारी १७७८ पूर्वी ज्याने तेथे वस्ती केली किंवा मक्याचे एक पीक काढले, त्याला ४०० एकरांचा वसाहतीचा दाखला मिळे आणि लगतची १,००० एकर जमीन सरकारी दराने आधी घेण्याचा अधिकार मिळे. एवढ्यावर मालकी मात्र सिद्ध होत नसे. प्रथम वॉरंट, म्हणजे जमीन घेण्याचे अधिकारपत्र घ्यायचे, मग त्या वॉरंटाची जागा नोंदवहीत लिहून द्यायची, मग मोजणी करून नकाशा जोडायचा आणि शेवटी राज्यपालांच्या सहीची सनद मिळवायची. यातील एक कडी निसटली की पुढचे सारे निसटले.

बूनच्या बाबतीत पहिली कडी पैशापाशीच तुटली. वॉरंट विकत घेण्यासाठी १७८० मध्ये तो व्हर्जिनियाला निघाला, तेव्हा स्वतःच्या पैशाबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विश्वासाने सोपवलेली रक्कमही त्याच्याजवळ होती. ते सुमारे वीस हजार डॉलर होते, अर्थात त्या काळच्या घसरलेल्या कागदी चलनात. वाटेत एका खानावळीत तो मुक्कामाला राहिला आणि रात्री झोपेत सर्व रक्कम चोरीला गेली. काहींनी त्याच्यावरच संशय घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॉमस हार्ट यांनी आपल्या भावाला, म्हणजे ज्याचे स्वतःचे पैसे या चोरीत बुडाले होते त्या नॅथॅनियलला, लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. गरीब लोकांचे हक्क बुडतील याचे दुःख आहेच, पण बूनच्या नावाला बट्टा लागतो आहे याचे दुःख मला अधिक आहे, आणि अत्यंत हलाखीच्या दिवसांतही हा माणूस उदारच राहिलेला मी पाहिला आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्या घराचे नुकसान झाले त्याच घरातून आलेली ही ग्वाही मला कोणत्याही चरित्रकाराच्या स्तुतीपेक्षा मोलाची वाटते.

दुसरी कडी मोजणीची. तेथे गट नंबर नव्हते, गावनकाशा नव्हता. जे काही होते ते चतुःसीमेवर. अमुक पांढऱ्या ओकपासून होकायंत्राच्या तमुक दिशेला इतके पोल, तेथून दोन मेपलच्या झाडांपर्यंत, तेथून ओढ्याकाठाने खाली, अशी वर्णने असत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, आणि चार पोलांची एक साखळी. झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले किंवा त्याच नावाचा दुसरा ओढा निघाला, की हद्द हलली. जागेची नोंद इतकी नेमकी असावी, की शेजारची उरलेली जमीन दुसऱ्याला खात्रीने घेता यावी, असे कायदा सांगत होता. प्रत्यक्षात नोंदी मोघम होत्या आणि एकाच जमिनीवर तीन-तीन, चार-चार जणांचे दावे कौलांसारखे एकावर एक चढले. बून स्वतः १७८३ पासून उपसर्वेक्षक म्हणून मोजणीची कामे घेत असे. त्यामुळे स्वतःचे दावे तर कोर्टात पडलेच, शिवाय त्याने मोजून दिलेल्या जमिनी ज्यांच्या हातून गेल्या, त्यांनीही भरपाईसाठी त्याचेच दार ठोठावले. हजारो एकरांचे दावे कागदावर असलेला माणूस कर्जात गेला.

या दाव्यांमधील साक्षी मात्र आपण जरूर वाचाव्यात. जुन्या खुणा ओळखणारे म्हणून बूनला वारंवार बोलावले जाई आणि कारकून त्याची जबानी उतरवून घेई. सप्टेंबर १७९६ मधील एका जबानीत प्रश्न एवढाच होता, की लुल्बेग्रड या ओढ्याला हे नाव कधी व कसे पडले. बूनने सांगितले, की १७७० मध्ये आम्ही सहा जण रेड नदीकाठी तळ देऊन होतो आणि करमणुकीसाठी आमच्याजवळ गलिव्हरच्या प्रवासाचे पुस्तक होते. एका संध्याकाळी अलेक्झांडर नीली हा तरुण तळावर परतला आणि म्हणाला, की मी आज लुल्बेग्रडला जाऊन आलो, आणि राक्षसांच्या त्या राजधानीत दोन राक्षस मारून आलो. तेव्हापासून ओढ्याला ते नाव पडले. मूळ पुस्तकात शहराचे नाव थोडे निराळे आहे. जंगलात वाचणाऱ्यांच्या तोंडी ते असे बसले, आणि आजही नकाशात तो ओढा त्याच नावाने आहे. हद्दीच्या भांडणामुळे सहा माणसांच्या शेकोटीजवळचे वाचन आपल्यापर्यंत पोहोचले, कारण प्रतिज्ञेवर दिलेले उत्तर कोर्टाला जपून ठेवावेच लागते.

१७९८ मध्ये एका दाव्यात साक्षीचे समन्स निघूनही बून हजर झाला नाही, म्हणून त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले. शेरीफला तो सापडला नाही. त्याच वर्षी केंटकीच्या विधिमंडळाने एका परगण्याला त्याचे नाव दिले. पुढच्या वर्षी तो कुटुंबासह मिसिसिपीपार, तेव्हाच्या स्पॅनिश मुलखात निघून गेला. तेथे त्याला १,००० आर्पाँ, म्हणजे सुमारे ८५० एकर जमीन मिळाली आणि १८०० मध्ये गावचे तंटे सोडवण्याचे अधिकारही मिळाले. परंतु जमिनीवर राहून ती कसण्याची आणि न्यू ऑर्लिन्सहून मंजुरी आणण्याची अट त्याने पुरी केली नव्हती, आणि त्याची गरज नाही हा स्पॅनिश अधिकाऱ्याचा तोंडी शब्द त्याला पुरेसा वाटला होता. १८०३ मध्ये तो मुलूख अमेरिकेकडे आला आणि १८०९ मध्ये जमिनीचे दावे तपासणाऱ्या आयोगाने त्याचा हक्क फेटाळला. फेब्रुवारी १८१४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, खास कायदा करून ती जमीन त्याला परत दिली, तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता, आणि पत्नी रिबेका आदल्या वर्षीच वारली होती. त्यातील बहुतेक जमीन त्याने केंटकीतील जुनी देणी फेडण्यासाठी विकली.

मोजण्या आणि सनदा यांचे मूळ कागद केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथे राज्य सचिवांच्या भूमी कार्यालयात आहेत आणि त्यांच्या प्रती इंटरनेटवर पाहता येतात. एका दाव्याची वॉरंट, मोजणी आणि सनद अशी क्रमाने लावून पाहा. कडी कोठे तुटली ते आपल्या नजरेला चटकन दिसेल.

प्रश्न : बूनचे कौटुंबिक कागद विस्कॉन्सिनमध्ये आहेत असे वाचले. तो तर तेथे कधी राहिला नव्हता. मग ते तेथे कसे गेले?
— वाचक, नागपूर

उत्तर : लायमन ड्रेपर या एका माणसाच्या ध्यासामुळे. बूनने म्हातारपणी नातवाला आपली हकीकत सांगून लिहवून घेतली होती, पण होडी उलटून ते बाड नदीत गेले. ड्रेपर यांनी उरलेले सर्व गोळा करण्याचे मनावर घेतले. हजारो मैल प्रवास करून ते वसाहतकारांच्या मुलानातवंडांना भेटले. १८५१ मध्ये त्यांनी बूनचा धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांच्या मिसूरीतील घरी बसून शेकडो पाने टिपणे घेतली. १८५४ पासून ते विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक सोसायटीचे सचिव होते आणि १८९१ मध्ये मृत्युपत्राने आपला संग्रह त्यांनी तिलाच दिला. जवळजवळ पाचशे खंडांच्या त्या संग्रहात बूनविषयीचे ३३ आहेत.

वाचायला म्हणून घेतलेले कागद ड्रेपर यांनी परत केले नाहीत, अशी तक्रार काही घराण्यांनी केली, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. घरातून गेलेला कागद हे घराचे नुकसान असते, हे मी नाकारत नाही. तरीही दुसऱ्या बाजूला आग, वाळवी आणि वाटण्या होत्या. शिवाय त्यांनी योजलेले बूनचे मोठे चरित्र त्यांच्या हयातीत पुरे झालेच नाही. अजून एक पत्र मिळेल, अजून एक साक्षीदार भेटेल, म्हणून ते थांबत राहिले. ग्रंथ अपुरा राहिला, पण टिपणे उरली. आज संग्रहाच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांत आहेत.

याच कागदांत बूनने ऑक्टोबर १८१६ मध्ये भावजय सेरा हिला लिहिलेले पत्र आहे. देवावर प्रेम करावे, त्याचे भय बाळगावे, येशूवर श्रद्धा ठेवावी, शेजाऱ्याचे आणि आपले होईल तेवढे भले करावे, इजा कमीत कमी करावी आणि बाकीचे देवाच्या दयेवर सोडावे, एवढाच माझा धर्म, असे त्यात तो लिहितो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेने ज्याच्या वडिलांना, मुलांनी पंथाबाहेर लग्ने केली म्हणून, १७४८ मध्ये काढून टाकले होते, त्याचे हे शब्द आहेत.

प्रश्न : बूनने अस्वल मारल्याचे कोरलेले टेनेसीतील १७६० चे झाड अस्सल मानावे काय?
— वाचक, पणजी

उत्तर : मानू नये. कोरीव अक्षरांत त्याचे आडनाव शेवटच्या ‘ई’शिवाय आहे, आणि कागदांवरील त्याच्या सह्यांत तो ‘ई’ असतो. त्याचे शुद्धलेखन कानाला येईल तसे होते हे खरे. मुलींनी शुद्धलेखन पाहावे, डॅन बंदूक पाहील, असे त्याचे वडील म्हणत, अशी घरातली आठवण आहे. पण माणूस इतर शब्द चुकला तरी स्वतःचे नाव सवयीनेच लिहितो.

प्रश्न : या दप्तरात रिबेका, शॉनी लोक किंवा गुलाम यांचा आवाज कोठे ऐकू येतो काय?
— प्राध्यापिका, पुणे

उत्तर : त्यांच्या स्वतःच्या शब्दांत जवळजवळ कोठेच नाही, आणि हे दप्तर वाचताना ते क्षणभरही विसरू नये. रिबेकाला लिहिता येत नव्हते. दहा मुले वाढवणारी, नवरा महिनोन्‌महिने जंगलात असताना घर आणि शेत चालवणारी ही स्त्री आपल्याला मुलाच्या आणि सुनेच्या आठवणींतूनच भेटते. शॉनी ही मूळ रहिवाशांची जमात. ते ज्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत, तिच्या १७७५ च्या खरेदीत ते पक्षच नव्हते. त्यामुळे चतुःसीमेत प्रत्येक ओकला जागा मिळाली, त्यांना मिळाली नाही. १७७८ मध्ये त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने कैदी बूनला मुलासारखे घरात घेतले होते, आणि तेही आपण बूनच्या बाजूनेच ऐकतो. १७८७ च्या सुमारास बूनकडे सात गुलाम होते. त्यांचा शोध घ्यायचा असेल तर पत्रे बाजूला ठेवून खरेदीखते आणि कराच्या याद्या उघडाव्या लागतात. करयादीत बहुधा फक्त संख्या असते. नाव सापडलेच तर ते खरेदीखतात सापडते, वयाच्या आणि किमतीच्या शेजारी.