वाचकांचे प्रश्न: सिंधुदुर्ग, जमीन आणि पाणी

आजोबांच्या कागदावर ‘कुडाळ, संस्थान सावंतवाडी’ आहे, तर आजीच्या कागदावर ‘देवगड, जिल्हा रत्नागिरी’. दोन्ही गावं आज सिंधुदुर्गात येतात. मग जुन्या नोंदी कुठे शोधायच्या? (डोंबिवली)

दोन्ही कागद बरोबर आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधी देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे इंग्रजी अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके होते. कुडाळ आणि बांदा सावंतवाडी संस्थानात होते आणि ते संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. म्हणून कागदाचं साल आधी बघा. शोध आजच्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातूनच सुरू करायचा. देवगडकडच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक मागा. अर्जात नुसतं गावाचं नाव पुरत नाही. वाडी, त्या काळी लावत ते आडनाव आणि अंदाजे पाच वर्षांचा टप्पा लिहा. मुंबईत गेल्यावर अनेक घराण्यांनी गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं, आणि शोध बहुतेक वेळा तिथेच अडतो. नोंद मोडीत निघाली तर आधी प्रमाणित नक्कल घ्या आणि मग ती मोडी जाणकाराकडून वाचून घ्या.

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असं मुलाला शाळेच्या भाषणात सांगायचं आहे. ते खरं आहे का? (कणकवली)

भाषण जरूर करू द्या, फक्त दोन तारखांची गल्लत दुरुस्त करा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात चंद्राची सावली कोकणावरून पूर्वेकडे गेली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन त्या दिवशी आंध्रात गुंटूरला होते. विजयदुर्गच्या गोष्टीत ज्यांचं नाव येतं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट घेता येतो, हे त्यांनी तिथूनच 20 ऑक्टोबर 1868 रोजी दाखवलं. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या जवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. त्यावरून नवं मूलद्रव्य असल्याचा तर्क झाला. पृथ्वीवर ते 1895 मध्ये विल्यम रॅमसे यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळालं.

लॉकियर विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम सापडल्यावर. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’ची आठवण या मोहिमेशी जोडून सांगावी. दुर्बिणी उभारून, ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना उपकरणं हाताळायला शिकवून इथे सूर्याचा अभ्यास झाला, हा विजयदुर्गाचा खराखुरा मान आहे. मुलाला तोच सांगू द्या, त्यात उसनं काही नाही.

देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. तरी विहिरीला गोडं पाणी कसं? आमच्या नव्या घराच्या विहिरीला मात्र दुसऱ्याच उन्हाळ्यात मचूळ पाणी येऊ लागलं. (तारकर्ली)

हे पाणी पावसाचंच आहे. ते रेतीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. हिशेब उलटाही चालतो. पंपाने पातळी एक फूट उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. (सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूध, दही आणि साखर या विहिरींचं पाणीही पावसाचंच आहे. तिथे ते पोहऱ्याने काढत, हे लक्षात घ्या.)

पाणी मचूळ झालं की लोक विहीर आणखी खोल करतात, आणि तिथेच चुकतं. खोली वाढवू नका. उलट तळात फूटभर रेती भरून घ्या. मोठा पंप काढून अर्ध्या अश्वशक्तीचा बसवा. एकदम तासभर चालवण्याऐवजी दहा-दहा मिनिटं, मध्ये दोन तास सोडून चालवा. छपराचं पाणी गटारात न सोडता विहिरीपासून पाच-सात हातांवर रेतीत जिरवा. एका पावसाळ्यात फरक कळतो. शेजाऱ्याचा पंप मोठा असेल तर एकट्याने जपून भागणार नाही, त्यांच्याशी बोलावंच लागेल.

तिथीवरून भरतीची वेळ काढायची जुनी रीत सांगाल का? (पुणे)

तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि ती वेळ दुपारची तशीच रात्रीचीही. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, हे याच रीतीत बसलेलं आहे.

उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मुंबईच्या तक्त्यापेक्षा मालवणात भरती थोडी आधी येते. खाडीत आत जावं तशी ती उशिरा पोचते. पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं, आणि अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वांत कमी. खाडीच्या तोंडाशी पोहायला जाणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं: उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की पाण्याबाहेर यायचं. त्या वेळी खाडीचं पाणी माणसाला समुद्राकडे ओढतं.

खाडीकाठच्या आमच्या भातमळ्याचा बांध गेल्या पावसात फुटला. खारं पाणी आत शिरलं. जमीन गेली असंच समजायचं का? (आचरा)

जमीन गेलेली नाही. पण बांध यंदा पावसाआधी झाला नाही, तर दुरुस्ती दरवर्षी अवघड होत जाईल. भगदाड भांगाच्या दिवसांत बुजवायचं, वरच्या हिशेबाने अष्टमीच्या पुढे दोन-तीन दिवस. उधाणात बुजवलेली ओली माती रात्रीतच वाहून जाते.

आधी भगदाडाच्या दोन्ही कडा पायऱ्यांसारख्या तासा, म्हणजे नवी माती जुनीला धरेल. तळातला सैल चिखल घट्ट माती लागेपर्यंत काढा. चिकणमाती वीतभर थरांनी घाला आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. रेती, पेंढा, मुळं काहीही आत जाऊ देऊ नका, कारण पाणी तिथूनच वाट काढतं. खाडीकडचा उतार पसरट ठेवा, एका फुटाला तीन फूट. माथा मोठ्या उधाणाच्या खुणेपेक्षा किमान दोन हात वर हवा. बाहेरचं कांदळवन कायद्याने संरक्षित आहे आणि लाटेचा मार तेच आधी खातं, तेव्हा त्याला हात लावू नका.

बांध फुटला तो बहुधा लाटेने नव्हे, तर कुर्ल्यांच्या बिळांमुळे. ओहोटीत बांधावरून चालत जा. आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला की समोरचं बीळ शोधा, खणून उघडा आणि चिकणमाती ठोकून बुजवा. वरून लिंपलेलं बीळ टिकत नाही. उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराची, झडपही बघा. ती ओहोटीत बाहेरच्या बाजूला उघडते आणि भरतीच्या दाबाने मिटते. फटीत एक लाकडाचा तुकडा अडकला तरी प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येत राहतं.

मग काम पावसाचं. पहिल्या मोठ्या सरींचं पाणी वीतभर साठवा, तीन-चार दिवस राहू द्या आणि ओहोटीत उघाडीतून सोडा. असं तीन-चारदा करा. लावणीआधी मातीची विद्युत वाहकता तपासा. ती 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर नेहमीचं बी घालू नका. पनवेल-3 सारखा खारेपणा सोसणारा वाण घ्या, रोप 25 ते 30 दिवसांचं होऊ द्या आणि चुडात, म्हणजे एका जागी, तीन-चार रोपं लावा. पहिल्या वर्षी पीक कमीच येईल. भात निघाल्यावर जमीन उघडी टाकू नका, पेंढा पसरून ठेवा. उन्हाने ओल वर खेचली की मीठही वर येतं आणि फेब्रुवारीपर्यंत मळ्यावर पांढरा थर दिसू लागतो.