लिनक्सवर एक फॉर्म बनवायला एवढी धावाधाव का?

प्रश्न : वडिलांचं किराणा दुकान आहे, उधारीची वही कंप्युटरवर आणायची म्हणून लिनक्सवर छोटं सॉफ्टवेअर करायला घेतलंय. कॉलेजात व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) शिकलो होतो, बटण ओढून फॉर्मवर ठेवा, डबल क्लिक करा, कोड लिहा, झालं. इथे पायथनच्या टीकिंटरमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं काढायच्या लायब्ररीत, 'किराणा' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या उजवीकडे येऊन बसते. ग्लेड हे फॉर्म काढायचं टूल घेतलं तर ते जीटीके 4 या टूलकिटला (बटणं-मेन्यू पुरवणारी लायब्ररी) चालत नाही म्हणतात. फुकट आणि धड असं काहीच नाही का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी वेलांटीचं सांगतो, कारण चूक तुमच्या कोडमध्ये नाहीये. पहिली वेलांटी आपण टाइप करतो क नंतर पण दिसायला हवी क च्या आधी, ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. टीकिंटरच्या आतलं टूलकिट म्हणजे टीके, त्याची 8.6 आवृत्ती लिनक्सवर ते करतच नाही, अक्षरं आली तशी मांडून मोकळी होते. जीटीके आणि क्यूटी ही दोन्ही टूलकिटं हार्फबझ वापरतात म्हणून तिथे 'किराणा' बरोबर उमटतं. मराठी दुकानासाठी टीके सोडून द्या, सरळ सांगतो.

आता मोठा प्रश्न. युनिक्सवर (लिनक्स त्याच वळणाचं) एक्स 11 ही खिडक्या दाखवणारी प्रणाली आली 1987 ला, पण ती फक्त खिडकी आणि रेषा देते, बटण कसं दिसावं, मेन्यू कसा उघडावा हे वरच्या टूलकिटने ठरवायचं. तेव्हाचं मोठं टूलकिट मोटिफ, त्याच्या लायसन्सला पैसे पडायचे, आणि ते एलजीपीएल या मोकळ्या लायसन्सखाली खुलं झालं थेट 2012 ला, तोवर लोक कधीच पुढे गेले होते. गिंप हे चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअरसुद्धा सुरुवातीला मोटिफवरच होतं, ते लिहिणाऱ्या मुलांनी कंटाळून स्वतःचं टूलकिट लिहिलं, तेच जीटीके. इकडे मथियास एट्रिखने 1996 ला केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप सुरू केला क्यूटीवर, पण क्यूटीचं लायसन्स तेव्हा पूर्ण मोकळं नव्हतं, म्हणून 1997 ला मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी जीटीकेवर ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप काढला. क्यूटी 2000 ला जीपीएल या मोकळ्या लायसन्सखाली आलं, 2009 ला एलजीपीएलखाली. म्हणजे लायसन्सची लढाई जिंकली, आणि ती लढायलाच हवी होती, पण माझं मत असं की त्या सगळ्यात तुमच्यासारखा माणूस, ज्याला एक फॉर्म आणि चार बटणं हवीयत, तो मागेच राहिला.

ग्लेडचंच बघा. डिसेंबर 2020 ला जीटीके 4 आलं, त्यात बटणं वगैरे ज्यात ठेवतात तो कंटेनर नावाचा मूळ क्लासच काढून टाकला, बॉक्समध्ये बटण टाकायला पॅक स्टार्टच्या जागी अपेंड आलं, आणि ग्लेडचा सगळा डोलारा त्या जुन्या रचनेवर उभा होता. आता ग्लेड सांभाळणाऱ्यानेच 'काम्बालाचे' नावाचं नवीन टूल लिहिलंय, चांगलं आहे, पण अख्ख्या टूलकिटची नवी आवृत्ती येते आणि फॉर्म काढायचं टूल तिच्यासोबत येत नाही, हे मला खरंच खटकतं. नवशिक्याला पहिल्यांदा लागतं तेच नेमकं शेवटी येतं.

तुम्ही लाझारस घ्या, व्हीबीसारखंच फॉर्म ओढून सॉफ्टवेअर करायचं फुकट टूल. भाषा पास्कल आहे, घाबरू नका, व्हीबी येत असेल तर आठवड्याभरात हात बसेल. फॉर्मवर बटण टाकून डबल क्लिक केलं की ऑनक्लिकची प्रोसिजर स्वतः उघडते, बिगिन आणि एंडच्या मध्ये कर्सर येऊन थांबतो. डेटाला एसक्यूलाइट (एका फाइलीतला छोटा डेटाबेस), समोर डीबीग्रिड हा तक्ता, गिऱ्हाइकाची उधारी लगेच रांगेत दिसते. एक करा, प्रोजेक्ट ऑप्शन्समध्ये विजेटसेट, म्हणजे बटणं कुठल्या टूलकिटची ते, क्यूटी 5 निवडा, कारण जीटीके 2 चा जमाना संपलाय. पायथनच हवं असेल तर पायसाइड (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी) आणि क्यूटी डिझायनर, तिथेही फॉर्म ओढून होतो, फक्त बटण क्लिक झालं की काय करायचं हे कोडमध्ये कनेक्ट लिहून जोडायचं.

प्रश्न : मला सी येत नाही, मग या टूल्ससाठी मी काय करू शकतो? – तेच वाचक

उत्तर : बरंच काही. 'किराणा', 'ज्ञानेश्वर', 'स्त्री', 'र्‍हास' हे शब्द प्रत्येक टेक्स्टबॉक्समध्ये टाकून बघा, बॅकस्पेस मारल्यावर काय पुसलं जातं तेही बघा. काही बिघडलं तर स्क्रीनशॉट, व्हर्जन आणि फॉन्टचं नाव टाकून बग नोंदवा. देवनागरी रोज न लिहिणाऱ्या डेव्हलपरला वेलांटी चुकलीय हे दिसतसुद्धा नाही हो.