मोरोपंतांना कुणी विचारलं नव्हतं

डॅलसजवळून आलेलं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यात मोठीची काळजी आहे, धाकट्याच्या मराठीची आहे, बाणेरच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूची आहे आणि सासूबाईंच्या सहा महिन्यांच्या मुक्कामाचीही आहे. आधीच सांगून टाकते, मला पहिलीतच रस आहे.

ताई लिहितात, ‘काकू, मुलगी चौदाची. शनिवार-रविवार खोलीत बसून कुठल्याशा जपानी कार्टूनवर गोष्टी लिहीत असते. आता कन्व्हेन्शनला, म्हणजे असल्या कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जायचं म्हणून फोमचं चिलखत करायला घेतलंय, गॅरेजभर कचरा. यांचं म्हणणं, पात्रं दुसऱ्याची, कपडे दुसऱ्याचे, सगळं उचललेलं. यात हिचं स्वतःचं काय?’

आणि तिसऱ्या पानावर ह्याच ताई कौतुकाने सांगतात की गेल्या गणपतीत ‘ह्यांनी’ मंडळासाठी त्याच गॅरेजमध्ये तीन आठवडे खपून शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा केला, हत्ती अडवायच्या खिळ्यांसकट! अहो, तो वाडा काय तुमच्या यजमानांच्या डोक्यातून निघाला होता? बाजीरावाचाच उचलला ना? तेव्हा थर्माकोलचे मणी घरभर उडत होते, तो उत्साह. लेकीच्या फोमचे तुकडे पडले की कचरा.

‘उचललेलं’ हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. आपले बारामतीचे मोरोपंत. रामाची गोष्ट काही त्यांची नव्हे, पण एकदा सांगून पोट भरेना म्हणून माणसाने एकशे आठ रामायणं रचली. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न टेकवता म्हणायचं. प, फ, ब, भ, म सगळे बाद. म बाद म्हणजे खुद्द रामाचं नावच बाद! आवडत्या गोष्टीशी इतकं हट्टाने खेळणाऱ्याला आपण पंतकवी म्हणतो. तुमची मुलगी तिच्या कार्टूनमधल्या खलनायकाच्या बहिणीच्या बाजूने तीच गोष्ट लिहिते (हे तुम्हीच कळवलंय, नाक मुरडून), आणि तिला मात्र विचारायचं, तुझं स्वतःचं काय?

इतकी तावातावाने लिहितेय, कारण ही चूक माझ्या हातून झालीय. 1992 साली आम्ही क्लीव्हलंडला होतो. लेक बारा वर्षांची आणि स्टार ट्रेकच्या जुन्या भागांच्या मागे वेडी. मूळ मालिका 1966 ते 1969 एवढीच चालली. तिसरं वर्ष तरी मिळालं ते प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून, आणि पुढे 1976 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या शटलला त्या मालिकेतल्या यानाचं, एंटरप्राइजचं, नाव मिळालं तेही अशाच पत्रांमुळे. हे मला कुठे माहीत होतं? मला दिसत होती ती फक्त गणिताच्या वह्यांच्या मागच्या पानांवरची यानं. घर बदलताना मी तिच्या दोन स्पायरल वह्या रद्दीत दिल्या. ती रडली नाही, भांडलीसुद्धा नाही. त्यात काय होतं ते तिने सांगितलं वीस वर्षांनी, इथे कोथरूडच्या स्वयंपाकघरात, उकडीच्या पाऱ्या करता करता. ‘आई, त्यातल्या एका गोष्टीत यानावर गणपती बसवला होता. उकड कशी काढतात ते मला नीट माहीत नव्हतं, म्हणून मोदक मशीनमधून काढले होते.’

म्हणून गेल्या डिसेंबरात तिची मुलगी पुण्यात आली आणि ‘आजी, कॉस्प्ले करायचाय’ (म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करायचा) म्हणाली तेव्हा मी मुकाट्याने पिशवी उचलली. बोहरी आळीत फोम घेतला. दुकानदाराने विचारलं, ‘कुठली एकांकिका?’ मी म्हटलं, तसंच समजा. मग सदाशिव पेठेतले आमचे शिंपीकाका. त्यांनी मोबाइलवरचं चित्र बोटाने मोठं केलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘हा तर आपला अंगरखाच. उजवा पदर वर घेऊ.’ नात ताडकन म्हणाली, ‘नाही आजोबा, डावा वर. किमोनोचा उजवा पदर वर फक्त मेलेल्या माणसाला घालतात.’ काकांनी खडूने मारलेली रेघ तळहाताने पुसली आणि पुढचा अर्धा तास तिलाच विचारून बेतलं. त्या पोरीला शाळेतलं पाठ्यपुस्तक अर्ध पान वाचवत नाही, ताई. हे तिने कुठून शोधून काढलं असेल?

तेव्हा यजमानांना सांगा, गॅरेजचं दार उघडं ठेवून लेकीशेजारी बसा. त्या फोमवर रंग लावण्याआधी हीट गनने गरम हवा फिरवावी लागते, म्हणजे त्याची छिद्रं मिटतात, नाहीतर तो रंग नुसता पितो. चिकटवायचा गोंद दोन्ही कडांना लावून, हाताला चिकटेनासा झाला की मगच कडा जोडायच्या. त्या गोंदाला वास भयंकर, म्हणून दार उघडं. दिल्ली दरवाजा करणाऱ्याला हे सांगायला नको, पण लेकीला सांगायला बाप शेजारी असलेला बरा.

गोष्टी ती कुठे टाकते, अशीही भीती आहे. बहुतेक ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर. चाहत्यांनीच चालवलेलं, जाहिराती नसलेलं, चाहत्यांच्या गोष्टींचं इंटरनेटवरचं संग्रहालय आहे ते, 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे सगळंच मुलांनी वाचण्याजोगं नसतं, पण गोष्टीच्या माथ्यावर वयाची पाटी असते. ती बघायची सवय तिच्याबरोबर बसून लावा. आणि टोपणनाव घेतलंय म्हणून घाबरू नका, खरं नाव न देणंच शहाणपणाचं. आपले नारळीकर 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ होऊन उतरले होते, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. आणि हो, गोष्ट वाचायला मागा. दिलीच तर शुद्धलेखन काढू नका.

आता बाकीचं. धाकटा मराठीत उत्तर देत नाही. देईल किंवा न देईल, तुम्ही मराठीत बोलत राहा. भाडेकरूचं वकिलाला विचारा, मी माझाच भाडेकरू काढू शकलेले नाही.

सासूबाई. ‘दिवसभर खिडकीशी बसून असतात, करमत नाही म्हणतात.’ आणि दोनच ओळींखाली, ‘पूर्वी अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवायच्या.’ ताई, हे तुमच्याच हातचं आहे, परत वाचा. कन्व्हेन्शन ऑगस्टात आहे ना? मग त्यांचं तिकीट जूनचं काढा. येताना तुळशीबागेतून नाड्या, मोठे हुक आणि अस्तराचं कापड आणायला सांगा. कात्री त्यांची त्यांनाच लागेल, दुसऱ्याची चालत नाही. ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची, पर्समध्ये नको.