जुनी एमजीबी रेसला उतरवायचीय? आधी पुढचे हब खोल

तू विचारलंयस की आजोबांची १९६४ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बडोद्यात दांडिया बाजारच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी आहे, ती हिस्टॉरिक रेसिंगसाठी तयार करायचीय, तर इंजिनात कुठला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) टाकू आणि एसयू कार्बोरेटर काढून वेबरचा बसवू का. तू माझ्या भाच्याच्या वयाचा म्हणून अरे-तुरे करतोय, रागावू नकोस. माझं मकरपुरा जीआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे आणि माझ्याकडेही हीच गाडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅम आणि वेबर सध्या बाजूला ठेव. खिशातला पहिला पैसा पुढच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर जाऊ दे. का ते सांगतो.

माझी गाडी मी पहिल्यांदा मद्रासच्या ट्रॅकवर, म्हणजे इरुंगट्टुकोट्टईला नेली तेव्हा इंजिन एकदम मस्त होतं. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, दोन लॅप झाले आणि एका फास्ट कॉर्नरमधून बाहेर येऊन ब्रेक मारला तर पेडल जवळजवळ फ्लोअरला. दुसऱ्यांदा दाबलं तर वर, कडक. मला वाटलं हवा आहे. पिटमध्ये येऊन ब्रेकची हवा काढली, परत तेच, परत काढली, परत तेच, असं तीनदा केलं. सरळ रस्त्यावर पेडल कायम बरोबर, फक्त कॉर्नरनंतर खाली, आणि ही खूण मला तेव्हा वाचता आली नाही. गाडी ट्रकवर चढवून बडोद्याला परत आणली आणि पुढचं चाक खोललं तेव्हा कळलं की दोन बेअरिंगच्या मध्ये जो स्पेसर (नळीसारखा तुकडा) असतो तो नाहीच, आणि त्याच्याबरोबरच्या शिमही (पातळ चकत्या) गायब. आधी ज्या गॅरेजमध्ये बेअरिंग बदलली होती तिथे ते तुकडे जास्तीचे समजून काढून टाकले होते, आणि नट ॲम्बॅसेडरचा घट्ट करतात तसा अंदाजाने घट्ट करून एक घर मागे घेतला होता.

एमजीबीत हे चालत नाही. त्या स्पेसरमुळे दोन्ही बेअरिंग, शिम आणि स्टब ॲक्सल (हब ज्यावर फिरतो तो शाफ्ट) मिळून एक जाड दांडा तयार होतो, म्हणून नट चांगला ४० ते ७० फूट-पाउंडला कसायचा असतो, आणि बेअरिंगचा प्ले (ढिलाई) नटने नाही तर शिमने ठरवायचा, दोन ते चार थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. स्पेसर नसला की कॉर्नरमध्ये सगळा लोड बारीक स्टब ॲक्सलवर येतो, तो वाकतो, डिस्क तिरकी होते आणि पॅडना मागे ढकलते. म्हणून त्यानंतर ब्रेक मारला की पेडल खाली. म्हणजे माझे ब्रेक ठीकच होते, ॲक्सल वाकत होता.

त्या स्टब ॲक्सलची मी डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट केली, डोळ्याला न दिसणारी चीर शोधायची. नीट धुतला, लाल डाय मारला, दहा-पंधरा मिनिटं थांबलो, पुसला, वरून पांढरा डेव्हलपर फवारला. आधी काहीच नाही. मग ट्यूबलाइटखाली बघत उभा होतो तर आतल्या बेअरिंगच्या मागे जिथे शाफ्ट बॉडीला मिळतो त्या गोलाईत एक लाल रेघ हळूहळू उमटली, केसापेक्षा बारीक, पण जवळजवळ पाव घेर. माझ्या शॉपमध्ये ही टेस्ट दर आठवड्याला होते, हजारो पार्ट बघितले असतील, पण ती रेघ बघून मी स्टुलावर खाली बसलो. त्या ॲक्सलवर मी ताशी दीडशेच्या आसपास गेलो होतो. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

तेव्हा तू दोन्ही स्टब ॲक्सल नवे घे, जुने कितीही चांगले दिसले तरी. स्टीअरिंग आर्म, मागचे हाफ शाफ्ट, फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड ह्यांची क्रॅक टेस्ट करून घे. लोखंडी पार्टना एमपीआय (चुंबकाने चीर शोधायची टेस्ट) जास्त चांगली, बडोद्यात ते करणारे मिळतात. वायर व्हील असतील तर स्प्लाइन हातावर घेऊन बघ, दात धारदार झाले असतील तर हब आणि व्हील दोन्ही बाद, आणि डाव्या-उजव्या हबची अदलाबदल अजिबात करायची नाही. आटे उलट-सुलट असतात, बाजू चुकली तर चाक चालता चालता सुटतं.

६४ च्या गाडीचे ब्रेक म्हणजे पुढे पावणेअकरा इंचाच्या डिस्क, मागे १० इंचाचे ड्रम आणि सिंगल सर्किट. एक होज फुटला की सगळं गेलं, म्हणून होज सगळे नवे. फ्लुइड डॉट ४, ट्रॅकवर जायच्या आधी ताजं. सिलिकॉनचं फ्लुइड पेंट खात नाही म्हणून शोच्या गाडीला चांगलं, पण तापलं की पेडल स्पंज होतं.

आता इंजिन. नंबरच्या सुरुवातीला १८जी किंवा १८जीए असेल तर तीन बेअरिंगची क्रँक, १८जीबी असेल तर पाचची, हा बदल ६४ च्या शेवटी झाला. तीनवालं फिरायला मोकळं असतं पण फार वरच्या आरपीएमला ताणू नये. तुझ्या इंजिनला खरी भीती ऑइलची आहे. लांब कॉर्नरमध्ये ऑइल संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला जातं, पंप हवा खेचतो आणि बेअरिंग काही सेकंदांत जातात. म्हणून संपमध्ये बॅफल (ऑइल अडवणारी पट्टी) टाक, ऑइल कूलर लाव, आणि ऑइल २०डब्ल्यू५० घे पण जुन्या फ्लॅट टॅपेटला (कॅमवर घासणारा तुकडा) चालेल असं जास्त झिंकवालं, नाहीतर नवा कॅम एका सीझनमध्ये घासून जाईल. गरम इंजिनला चालताना ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या खाली जात असेल तर ट्रॅकवर जाऊच नको.

पेट्रोलचंही बघ. आता पंपावर बहुतेक इथेनॉलवालंच मिळतं. जुने रबर होज त्यात आतून विरघळतात आणि तो काळा चुरा कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जाऊन बसतो. होज व्हिटॉनचे (इथेनॉल सोसणारं रबर) घे. आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून एसयूची नीडल रिच लागते. ह्या इंजिनात कार्ब आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, आपल्या मे महिन्यात मध्ये हीट शील्ड नसेल तर पेट्रोल फ्लोट चेंबरमध्येच उकळतं.

वेबर नंतर लावता येईल, ४५ डीसीओई ह्या गाडीला त्या काळातही लागायचा. पण हिस्टॉरिक रेसिंगमध्ये गाडी तिच्या काळात जशी धावली तशीच धावायला हवी. परदेशात एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटना) अपेंडिक्स के ह्या हिस्टॉरिक गाड्यांच्या नियमांप्रमाणे तुझी गाडी पीरियड एफमध्ये, १९६२ ते ६५. हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट (गाडीचं रेसचं ओळखपत्र) काढायचा तर प्रत्येक बदलाला त्या काळचा पुरावा मागतात. १९६३ ला ले मॉनला फॅक्टरीची एमजीबी वाळूत रुतून एक तासाच्या वर गेला तरी शेवटी बाराव्या नंबरवर आली, ६५ ला अकरावी. असल्या गाड्यांचे फोटो आणि होमोलोगेशनचे (त्या काळी रेससाठी मंजूर झालेल्या पार्टचे) कागद आधी जमव, मग पार्ट ऑर्डर कर. आणि जो पार्ट काढशील तो तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेव, आजोबांचा आहे तो.

जानेवारी २०२३ ला लक्ष्मी विलास पॅलेसवर कॉनकोर (जुन्या गाड्यांची देखणेपणाची स्पर्धा) झाला तेव्हा गाड्या बघून डोळे निवले, पण तिथले जज आणि रेसचे स्क्रूटिनीअर (गाडी तपासणारे) वेगळं बघतात. रेसला कोणी क्रोम बघणार नाही. रोल बार, बकेट सीट, हार्नेस (लेबलवरची तारीख बघ, मुदत संपलेला चालत नाही), फायर एक्स्टिंग्विशर, बाहेरून खेचता येईल असा बॅटरीचा कटऑफ, ऑइल कॅच टँक, हे सगळं पहिल्या दिवसापासून. रोल बार जिथे बसतो तिथली फ्लोअर आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ भागाच्या) आतली पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ, एमजीबीला वेगळी चेसी नाही, सगळी ताकद त्या सिलमध्ये आहे आणि वीस वर्षांच्या शेडमध्ये गंज नेमका तिथेच लागतो. लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं.

ह्या आठवड्यात फक्त एवढं कर. गाडी जॅकवर घे, खाली घोडे (स्टँड) लाव, पुढचे दोन्ही हब काढ आणि आत स्पेसर आहे का, शिम किती आहेत ते मोजून इथे लिही. डाव्या-उजव्याचे तुकडे वेगवेगळ्या डब्यात ठेव, मिसळू देऊ नकोस. स्टब ॲक्सल बदलायचेच आहेत, तरी शनिवारी जुने मकरपुऱ्याला घेऊन ये, डाय आणि डेव्हलपर माझ्याकडे आहेत, तुझ्यासमोर टेस्ट करू.